‘फिजिकल खेळ’ म्हणजे नेमकं काय? तेरा वर्षांच्या डिफेन्समनच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय धरून उत्तर देतोय ते तुम्हाला कळेल. तुमचा मुलगा १३ वर्षांचा आहे आणि कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ब्रॅम्प्टनजवळच्या एका आइस हॉकी क्लबच्या यू-१४ ट्रिपल ए (चौदा वर्षांखालच्या, सर्वांत वरच्या दर्जाच्या) संघात डिफेन्सला, म्हणजे बचावाला, खेळतो. गेल्या वर्षभरात चार इंच वाढला. बॉडीचेकिंगचा, म्हणजे अंगानं धडक द्यायची मुभा असलेला, हा त्याचा पहिलाच मोसम, आणि १८ सामन्यांत ५४ पेनल्टी मिनिटं (नियम मोडल्याची शिक्षा म्हणून खेळाबाहेर बसायची) झाली आहेत. प्रशिक्षक सामन्याआधी ‘फिजिकल खेळ’ म्हणून सांगतात आणि पेनल्टी झाली की पुढच्या दोन शिफ्ट (बर्फावर उतरायच्या पाळ्या) बाकावर बसवतात. त्याच्या बाबांचं म्हणणं, ओएचएलच्या (ओंटारियोच्या मोठ्या ज्युनिअर लीगच्या) स्काउटना, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांना, असाच दणकट मुलगा हवा असतो, त्याला आवरू नका. आणि तुम्हाला धास्ती आहे की एखाद्या दिवशी त्याच्या हातून कुणाला तरी जबर लागेल, नाहीतर त्यालाच लागेल. तुम्ही विचारलंत, त्याला आवरायचं की मोकळं सोडायचं?

माझं उत्तर असं की या दोन्हींतलं काहीच करू नका. आवरलंत तर तो चाचरत खेळेल, आणि धडकेच्या खेळात चाचरणाऱ्याला सगळ्यात आधी लागतं. मोकळं सोडलंत तर पेनल्ट्या वाढतील. मला तुमचा प्रश्न वेगळाच दिसतो: त्याच्या पेनल्ट्या कशातून येताहेत? हे कळल्याशिवाय कुणीही दिलेला सल्ला अंदाजानं दिलेलं औषध ठरेल.

माझ्याबद्दल दोन ओळी. मी मूळचा सांगलीचा, अकरा वर्षांचा असताना आई-वडिलांबरोबर मिसिसागाला आलो. इथेच हॉकी शिकलो, फार वरच्या पातळीवर गेलो नाही. नंतर बारा वर्षं टोरंटोच्या आसपासच्या रिंकवर रेफरी होतो, आणि गेली चौदा वर्षं तेरा ते सोळा वयाच्या डिफेन्समनना शिकवतो. म्हणजे ज्या मुलांना मी आधी शिट्टी वाजवून पेनल्टी बॉक्समध्ये पाठवायचो, तशीच मुलं आता माझ्या हाताखाली असतात. त्यामुळे पेनल्टी दोन्हीकडून पाहिली आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुमच्या मुलाची ५४ मिनिटं कशाची बनली आहेत? दोन-दोन मिनिटांच्या २७ मायनर पेनल्ट्या असतील तर गोष्ट एक. १७ मायनर आणि दहा मिनिटांची दोन मिसकंडक्ट असतील तर गोष्ट पूर्ण वेगळी, कारण मिसकंडक्ट बहुतेक वेळा तोंडामुळे किंवा शिट्टीनंतरच्या वागण्यामुळे मिळते, धडकेमुळे नाही. तुमच्या लीगचे निलंबनाचे नियम, प्रशिक्षकांचा स्वभाव, मुलाची स्केटिंगची पातळी यांनीही उत्तर बदलतं. म्हणून खाली जे लिहितोय त्यातलं काय लागू पडतं ते तुम्हीच ताडून पाहा.

पहिलं काम वहीचं. पुढचे सहा सामने मुलाच्या प्रत्येक पेनल्टीची नोंद ठेवा. पेनल्टीचं नाव लिहून थांबू नका. आणखी तीन गोष्टी लिहा: शिट्टीच्या आधी दोन सेकंद त्याचे पाय चालत होते की थांबले होते, तो पकधारकाच्या (पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, ज्याच्याकडे आहे त्याच्या) समोर होता, बाजूला होता की मागे पडला होता, आणि शिफ्ट सुरू होऊन किती वेळ झाला होता. बऱ्याच रिंकवर आता सामन्याचं चित्रीकरण मिळतं, ते असेल तर घरी बसून निवांत पाहा. माझ्याकडे आलेल्या पालकांना मी पहिल्या भेटीत हेच सांगतो. वही भरून आली की त्यांचा मूळ प्रश्न बहुतेक वेळा बदललेला असतो.

कारण काय दिसतं सांगू का? ज्या मुलाला सगळे ‘तापट’ म्हणत असतात, त्याच्या दहातल्या सहा-सात पेनल्ट्या रागाच्या नसतातच. त्या उशिराच्या असतात. हुकिंग (स्टिकनं अडकवणं), होल्डिंग (धरून ठेवणं), ट्रिपिंग (पाय अडकवून पाडणं) या तिन्हींचं मूळ एकच: समोरचा निसटला, पाय पुरले नाहीत, म्हणून हात गेला. चार्जिंग (लांबून वेगानं येऊन धडकणं) आणि बोर्डिंग (समोरच्याला बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, आपटणं) हेसुद्धा पुष्कळदा उशिरातूनच होतं. पक सुटून गेलेला असतो, मुलाला वाटतं आपण धडक द्यायला आलोय तर देऊनच जाऊ, आणि तोवर समोरच्यानं पाठ वळवलेली असते.

कबड्डी पाहिली असेल तर हे लगेच कळेल. चढाई करणारा अजून वळलेला नाही, त्याचा तोल अजून त्याच्या ताब्यात आहे, तेवढ्यात कोपरारक्षक झेपावला की गुण गेला. तोच कोपरारक्षक अर्धा क्षण थांबून, चढाईपटू परत फिरताना घोट्यात हात घालतो तेव्हा पकड बसते. दोन्ही वेळा ताकद तेवढीच असते. आधी झेपावणं आणि उशिरा झेपावणं, दोन्ही चूकच. आइस हॉकीत फरक एवढाच की अंगणाऐवजी बर्फ असतो आणि पोरं कबड्डीपटूच्या दुप्पट वेगानं येत असतात.

आता धडकेचा मुद्दा जरा सविस्तर लिहितो, कारण ‘फिजिकल खेळ’ या दोन शब्दांत प्रशिक्षक जे कोंबतात ते मुलांना उलगडून कुणी सांगत नाही. बॉडीचेक कशासाठी असतो? माणूस आणि पक यांना वेगळं करण्यासाठी. माणूस आडवा पडला आणि पक त्याच्या साथीदाराकडे गेला, तर ती धडक वाया गेली. माणूस उभाच राहिला पण पक आपल्या स्टिकवर आला, तर ती उत्तम धडक. हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेच्या प्रशिक्षणात यासाठी चार पायऱ्या शिकवतात: आधी जागा पकडणं आणि कोन घेणं, मग स्टिकनं पक अडवणं, मग अंगाला अंग लावून खेळणं, आणि शेवटी बॉडीचेक. चौथी पायरी रिंकवर उठून दिसते, स्टँडमधून तिलाच ओरडून दाद मिळते, म्हणून मुलं थेट तिथेच उडी मारतात. तुमच्या मुलाला पेनल्ट्या मिळताहेत याचा अर्थ माझ्या अनुभवात बहुधा असा असतो की पहिली पायरी कच्ची आहे.

कोन म्हणजे काय? समोरून येणाऱ्या फॉरवर्डवर सरळ रेषेत जायचं नाही. रिंकच्या मधल्या बाजूनं यायचं, म्हणजे त्याला आत यायला वाट उरत नाही आणि तो आपसूक बोर्डकडे सरकतो. आपली स्टिक एका हातात, तिचं पातं बर्फावर, पकच्या वाटेत. गुडघे वाकलेले. शेवटच्या दोन पावलांत ढकलत वेग वाढवायचा नाही, सरकत यायचं. आपला नितंब आणि खांदा त्याच्या हातांसमोर आणायचा, कोपर अंगाला चिकटलेलं, पाय बर्फावर. हे जमलं तर धडक द्यावी लागत नाही, तीच होते. समोरच्याचे हात बांधले जातात, पक सुटतो, आणि आपण त्याच्या आणि पकच्या मध्ये उभे असतो. त्यात ठो असा आवाजसुद्धा कधी कधी येत नाही. स्टँडमध्ये कुणी उठून उभं राहत नाही. पण बाकावर बसलेल्या जुन्या प्रशिक्षकाच्या तोंडून बरोबर त्याच वेळी ‘वा’ निघतं.

याच्या जोडीला अंतर. डिफेन्समन मागे स्केट करत असतो तेव्हा त्याच्यात आणि पकधारकात साधारण दीड स्टिकएवढं अंतर असावं असं मी शिकवतो. त्याहून जास्त सोडलं की समोरच्याला वेग घ्यायला जागा मिळते, मग आपण निळ्या रेषेवर (आपल्या बचावाच्या हद्दीच्या सीमेवर) हतबल. पाय मागे पडले की स्टिक पुढे जाते, आणि रेफरीचा हात वर. रेफरी असताना मी हुकिंगची शिट्टी वाजवायच्या दोन सेकंद आधीच ओळखायचो की आता हा हुक करणार, कारण त्याचं अंतर सुटलेलं दिसायचं. म्हणून मुलाच्या सहा हुकिंग पेनल्ट्या असतील तर त्याला ‘शिस्त पाळ’ सांगून काही होणार नाही. त्याला उलट्या स्केटिंगचा आणि वळण्याचा सराव हवा.

शिफ्टची लांबीही बघा. या वयात ४० ते ४५ सेकंदांची शिफ्ट पुष्कळ झाली. मिनिटावर गेलेला मुलगा पायांनी संपलेला असतो, आणि संपलेले पाय पेनल्टी देतात. तुमच्या वहीत मिनिटापुढच्या शिफ्टमधल्या पेनल्ट्या जास्त दिसल्या, तर मुलाला वेळेवर बदलीला यायला शिकवा. एवढ्यानंसुद्धा आकडा खाली आलेला मी पाहिला आहे.

आता त्या चार इंचांकडे येऊ. तेरा-चौदा हे मुलांच्या उंचीच्या सर्वांत वेगवान वाढीचं वय. एकाच संघात पावणेसहा फुटांचा मुलगा असतो आणि त्याच्या शेजारी पाच फुटांनाही न पोचलेला. तुमच्या मुलाचं कोपर गेल्या वर्षी समोरच्याच्या छातीशी यायचं, ते आता त्याच्या जबड्याशी येतं. त्यानं काहीच वेगळं केलेलं नाही, त्याचं अंग बदललं आहे. आणि हॉकी कॅनडाच्या नियमांत डोक्याला लागलेल्या धक्क्याला चुकून झाला तरी पेनल्टी आहे. मला हा नियम पूर्णपणे योग्य वाटतो, कारण ज्याचं डोकं आपटतं त्याला हेतूशी काही देणंघेणं नसतं. उंच मुलाला यावर एकच उपाय: खाली बसायचं. गुडघे इतके वाकवायचे की आपला खांदा समोरच्याच्या छातीवरच्या लोगोच्या पातळीला येईल. लहानपणी सांगलीत मामांच्या तालमीत वस्ताद उंच पोरांना हेच ओरडून सांगायचे, ‘कंबर खाली!’ उंच पैलवान ताठ उभा राहिला की त्याचा पट सहज निघतो. रिंकवर ताठ उभा राहिलेला डिफेन्समन समोरच्याच्या डोक्याला लागतो, किंवा स्वतः उलथून पडतो. शिवाय वाढीच्या काळात हातापायांचा अंदाज काही महिने चुकतोच. त्याला थोडा अवधी द्या.

तुमच्या भीतीबद्दल. ती निराधार नाही. कॅनडात २०१३ पर्यंत अकरा-बारा वर्षांच्या मुलांनाही बॉडीचेकिंग करता यायचं. त्याआधी आल्बर्टा, जिथे त्या वयात परवानगी होती, आणि क्वेबेक, जिथे नव्हती, यांची तुलना करणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. परवानगी असलेल्या बाजूला मेंदूच्या आघाताचा (कन्कशनचा) धोका तिपटीहून जास्त निघाला. त्यानंतर हॉकी कॅनडानं वय वाढवून तेरावर नेलं. म्हणजे तुमचा मुलगा आज ज्या उंबरठ्यावर उभा आहे तो मुद्दाम इथे आणून ठेवलेला आहे, आणि पहिल्या वर्षी सगळीच मुलं या खेळात नवखी असतात.

म्हणून धडक द्यायच्या आधी धडक घ्यायला शिकवा. हे मी प्रत्येक पालकाला आग्रहानं सांगतो. बोर्डपासून तीन-चार फुटांवरची पट्टी सगळ्यात वाईट. तिथे मागून धक्का बसला तर मुलगा बोर्डवर जाऊन आपटतो ते डोक्यानं किंवा मानेनं. पक बोर्डपाशी असेल तर एकतर बोर्डला पूर्ण चिकटायचं, नाहीतर लांब राहायचं, मध्ये थांबायचं नाही. पक उचलायला जाताना दोनदा खांद्यावरून मागे पाहायचं. सरळ तोंड करून न जाता तिरकं जायचं. आणि धडक येतेय असं दिसलं की शेवटच्या क्षणी पाठ फिरवायची नाही. मुलं भीतीपोटी पाठ फिरवतात, आणि सगळ्यात वाईट दुखापती त्याच क्षणी होतात. कॅनडातल्या पुष्कळ लहान मुलांच्या जर्सीवर मागे लाल ‘स्टॉप’ची खूण शिवलेली असते. ती बघून मुलानं आपले हात आखडायला शिकायचं, म्हणून ती तिथे आहे.

मान वर ठेवण्याबद्दल एक उदाहरण तुमच्या मुलाला जरूर दाखवा. २६ मे २००० रोजी, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमधल्या न्यू जर्सी डेव्हिल्स आणि फिलाडेल्फिया फ्लायर्स यांच्या निर्णायक सातव्या सामन्यात फ्लायर्सचा एरिक लिंड्रॉस पक घेऊन निळी रेषा ओलांडत होता, नजर खाली पकवर. डेव्हिल्सच्या स्कॉट स्टीव्हन्सचा खांदा त्याच्या जबड्यावर बसला. तेव्हाच्या नियमांत ती पेनल्टी नव्हती. लिंड्रॉस सहा फूट चार इंचांचा, आपल्या काळातल्या सर्वांत दणकट फॉरवर्डांपैकी एक. त्याला त्याआधीही मेंदूचे आघात झाले होते. त्याचा धाकटा भाऊ ब्रेट तर याच कारणानं १९९६ मध्ये, विसाव्या वर्षीच खेळ सोडून बसला. पुढे २०१० मध्ये एनएचएलनं डोक्यावरच्या धडकेसाठी वेगळा नियम केला. आणि ओंटारियोत २०१८ मध्ये रोवन्स लॉ मंजूर झाला, त्याच्या बाजूनं लिंड्रॉस जाहीरपणे बोलत राहिला. ओटावाची सतरा वर्षांची रग्बीपटू रोवन स्ट्रिंगर २०१३ मध्ये गेली. पहिला आघात भरून न येताच डोक्याला पुन्हा लागल्यानं. त्या मुलीच्या नावावरून हा कायदा आहे.

त्या कायद्याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. नोंदणीच्या वेळी दरवर्षी माहितीपत्रक वाचून सही करायला लावतात, ती पोच म्हणून करून टाकू नका, खरंच वाचा. आघाताचा नुसता संशय आला तरी मुलाला लगेच खेळातून बाहेर काढायचं असतं, आणि डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरनं मोकळीक दिल्याशिवाय पूर्ण खेळात परत जाता येत नाही. मुलं लपवतात, हे ध्यानात ठेवा. ‘काही नाही, ठीक आहे’ असं तेरा वर्षांचा मुलगा प्रत्येक वेळी म्हणतो. घरी आल्यावर दिव्याचा त्रास होतोय का, चिडचिड वाढली का, जेवण जात नाही का, हे तुम्हीच पाहायचं.

आतापर्यंतचं थोडक्यात: वही ठेवा, उशिराच्या पेनल्ट्यांवर स्केटिंग आणि कोन हा उपाय, डोक्याच्या पेनल्ट्यांवर गुडघे, आणि धडक घेणं आधी.

आता उरल्या खऱ्याखुऱ्या रागाच्या पेनल्ट्या. शिट्टीनंतर ढकलणं, उलट स्लॅश करणं (स्टिक मारणं), रेफरीला बोलणं. यांच्याबाबत मी कडक आहे. माझ्या संघात उशिराच्या पेनल्टीला मी बाकावर बसवत नाही, शिकवतो. रागाच्या पेनल्टीला बसवतो. दोन्हींना एकच शिक्षा दिली की मुलाला वाटतं धडक देणंच चूक आहे. तुमच्या प्रशिक्षकांच्या बाबतीत मला नेमकी हीच अडचण दिसते. ते दोन शब्द सांगतात, आणि कुठल्या पेनल्टीबद्दल बसवलं ते सांगत नाहीत. त्यांना जाऊन भेटा, पण सामन्याच्या दिवशी नको. आणि ‘माझ्या मुलाला का बसवता’ असं विचारू नका. मुलालाच विचारू द्या: ‘सर, कालच्या दोन पेनल्ट्यांतली कुठली तुम्हाला चालली असती आणि कुठली नाही?’ चांगला प्रशिक्षक या प्रश्नावर पाच मिनिटं बोलतो. ‘गोल वाचवताना झालेली चालते, आक्रमणाच्या टोकाला दोनशे फुटांवर केलेली चालत नाही,’ असं काहीतरी नेमकं उत्तर मिळेल. मिळालं नाही, तर प्रशिक्षकांबद्दलही तुम्हाला काहीतरी कळेल.

रागाच्या संदर्भात आपल्या मुलांची एक वेगळी गोष्ट आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. मुलगा दोन-तीन पेनल्ट्यांबद्दल काहीच सांगत नसेल, नुसता गप्प होत असेल, तर त्याला एकांतात विचारा, कुणी काही बोललं का? रंगावरून, आडनावावरून, जेवणाच्या वासावरून. मी स्वतः ऐकलं आहे, खेळाडू असताना आणि रेफरी असतानाही. मुलगा उलट स्टिक मारतो, रेफरीला फक्त स्टिक दिसते, बॉक्समध्ये आपलाच जातो, आणि घरी येऊन लाजेनं सांगत नाही. हॉकी कॅनडाच्या नियमांत भेदभावाच्या बोलण्यासाठी वेगळी, कडक तरतूद आहे. मुलाला एकच वाट पाठ करून द्या: बदलीला बाकावर ये, प्रशिक्षकांना जे ऐकलंस ते शब्दशः सांग, प्रशिक्षकांनी लगेच रेफरीला सांगायचं, आणि सामना संपल्यावर क्लबमार्फत लेखी तक्रार जायला हवी. हात उचलला तर त्या बोलणाऱ्याची तक्रारच मागे पडते. हे मुलाला अन्यायकारक वाटेल. ते अन्यायकारक आहेच, असं त्याला स्पष्ट सांगा, आणि तुम्ही त्याच्या बाजूला उभे आहात हेही सांगा.

आता त्याच्या बाबांच्या स्काउटच्या मुद्द्याकडे. ओएचएलचे २० संघ आहेत, त्यांच्यासाठी खेळाडूंची निवड यू-१६ च्या वर्षी होते, म्हणजे तुमच्या हातात अजून दोन मोसम आहेत. स्काउटना अंग लावून खेळणारा मुलगा हवा असतो, हे बाबांचं म्हणणं खरं आहे. पण ते आणखी एक गोष्ट पाहतात, आणि ती मी रिंकच्या कोपऱ्यात त्यांच्या शेजारी उभं राहून अनेकदा ऐकली आहे. मुलाला जोरदार धडक बसली की ते पक सोडून त्याच्याकडे पाहत राहतात. पुढच्या दहा सेकंदांत तो काय करतो? बदला घ्यायला धावतो की आपल्या जागेवर परत येतो? पेनल्टीनंतर बॉक्समधून बाहेर पडताना पहिलं पाऊल कुठे टाकतो? वरच्या पातळीवर साधारण पाचांतल्या एका पॉवर प्लेत (समोरच्या संघाचा खेळाडू पेनल्टीत असतानाच्या खेळात) गोल होतो. मुलाच्या दर पाच पेनल्ट्यांना संघानं एक गोल मोजला, असा हा हिशोब आहे, आणि स्काउटच्या डोक्यात तो सतत चालू असतो.

बाबा बहुधा एनएचएलमधल्या वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या टॉम विल्सनचं नाव घेतील, टोरंटोचाच मुलगा, ओएचएलमधूनच वर गेलेला. त्यांना सांगा की त्याला २०१८ मध्ये एका धडकेबद्दल २० सामन्यांचं निलंबन झालं, ते नंतर १४ वर आलं, पण तोवर १६ सामने संघ त्याच्याविना खेळून झाला होता. आणि वॉशिंग्टननं त्याला इतकी वर्षं ठेवून घेतलं ते धडकेबरोबर त्याला गोलही करता येतात म्हणून. २०२४-२५ मध्ये त्यानं ३३ केले. पण मी माझ्या डिफेन्समनना विल्सन दाखवत नाही, कॅरोलायनाचा जेकब स्लेव्हिन दाखवतो. उंच, दणकट, दर सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वोत्तम फॉरवर्डसमोर उभा राहणारा. २०२०-२१ च्या मोसमात ५२ सामन्यांत त्याची पेनल्टी मिनिटं होती दोन. एकच पेनल्टी, आणि तीसुद्धा पक काचेवरून बाहेर गेला म्हणून. संपूर्ण मोसमात त्यानं एकाही माणसाला नियमाबाहेर अडवलं नाही, आणि तरी त्याच्या बाजूनं जायला कुणी धजत नव्हतं. त्याचे सामने मुलाबरोबर बसून पाहा, आणि पकऐवजी फक्त स्लेव्हिनची स्टिक पाहायला सांगा. ती कायम बर्फावर, कायम पकच्या वाटेत असते.

मारामारीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक वाक्य. ज्युनिअरमध्येसुद्धा तिची जागा आकसत चालली आहे. क्वेबेकच्या मोठ्या ज्युनिअर लीगनं २०२३ पासून मारामारी करणाऱ्याला सामन्याबाहेर काढायला सुरुवात केली. त्या वाटेनं वर जाता येईल असा हिशोब कुणी तुमच्या मुलाच्या डोक्यात घालत असेल तर तो जुना झाला आहे.

माझ्या एका चुकीबद्दल सांगतो, म्हणजे मी ‘फिजिकल खेळ’ या शब्दांवर इतका का अडून बसलोय ते कळेल. प्रशिक्षक म्हणून माझं तिसरं वर्ष होतं. एक मुलगा होता, अंगानं मोठा, स्वभावानं मऊ. पहिल्या दोन पिरियडमध्ये तो अंग चोरत होता. मी मध्यंतरात त्याच्याजवळ वाकून म्हणालो, ‘या पिरियडमध्ये प्रत्येक चेक पूर्ण करायचा. मला तुझा आवाज ऐकू आला पाहिजे.’ त्यानं माझं ऐकलं. तिसऱ्या मिनिटाला कोपऱ्यात एक लहानखुरा फॉरवर्ड पक सोडून वळला होता, पाठ आमच्याकडे, आणि माझा मुलगा थांबला नाही. बोर्डचा आवाज झाला. मग सगळी रिंक गप्प झाली. त्या फॉरवर्डचं हेल्मेट बर्फावर हळूहळू फिरत होतं, ते अजून डोळ्यांपुढे येतं. त्याचं गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) मोडलं होतं. मान वाचली. माझ्या मुलाला निलंबन झालं, आणि तो बॉक्समध्ये बसून माझ्याकडे पाहत होता. काय चुकलं हे त्याला खरंच कळत नव्हतं, कारण त्यानं मी सांगितलं तेच केलं होतं. दुसऱ्या मोसमात तो परत आला नाही. त्या दिवसापासून मी ‘चेक पूर्ण कर’ म्हणत नाही. ‘पक घे’ म्हणतो. मुलांना अंग लावायचं तेवढं ती पक घेण्यासाठी आपोआप लावतात.

शेवटी, तुम्ही प्रश्नाच्या तळाशी लिहिलं होतं की सामन्यानंतर गाडीत तिघंही गप्प असता, आणि कुणी बोललं की भांडण होतं. घरी पोचेपर्यंत हॉकी काढूच नका. भूक लागलेली असते, कपडे ओले असतात, त्या वेळी सांगितलेलं काही शिरत नाही. दुसऱ्या दिवशी वही उघडा, आणि पहिला प्रश्न बाबांना विचारू द्या: ‘काल पक सगळ्यात छान कधी मिळवलास?’ त्याला एखादा प्रसंग आठवेल, तो हातवारे करून दाखवायला लागेल. तो कुठल्या पायावर उभा होता, कुठून आला, स्टिक कुठे होती, हे त्याला दाखवू द्या. मग पेनल्टीचं पान काढा, आणि तिथे तो कुठून आला होता हेही त्यालाच दाखवायला सांगा. स्वयंपाकघरातल्या फरशीवर, मोजे घालून, मोकळ्या स्टिकनं. सहा सामन्यांची वही झाली की मला नक्की कळवा, आपण ती बरोबर बसून पाहू.